कृत्रिम सांधा, तरुण रुग्ण आणि खेळाचे मैदान

सांधेरोपण हा वृद्धांचा विषय आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. पूर्वी खुब्याचा अथवा गुडघ्याचा सांधा बदललेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात आला तर तो बहुधा साठी उलटलेला असे, आणि देवळाच्या पायऱ्या आधाराशिवाय चढता याव्यात एवढीच त्याची अपेक्षा असे. आज पंचविशी-तिशीतील तरुण असा सांधा घेऊन आपल्यासमोर बसतो आणि नाडी पाहू देण्याआधीच विचारतो, "डॉक्टर, मी पुन्हा खेळायला कधी लागू?" या प्रश्नाला आपण वैद्यमंडळी काय उत्तर देतो, आणि मुळात उत्तर देण्याची आपली तयारी किती आहे, याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

प्रारंभी एका रुग्णाची हकीगत सांगतो. वय २८, शेतकरी कुटुंबातील मुलगा, गावच्या कबड्डी संघातील चढाईपटू. उजव्या खुब्याचे पूर्ण प्रत्यारोपण होऊन सहा महिने झाले होते. डाव्या खुब्यातही एमआरआयमध्ये ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिसची आरंभीची अवस्था दिसत होती. मद्यपान नाही, मोठा आघात नाही, सिकलसेलची तपासणी निर्दोष. मग कारण काय? पूर्ववृत्त खोदून विचारता कळले की, कंबरदुखीसाठी दीड वर्ष तो आठवडी बाजारातील एका विक्रेत्याकडून कागदाच्या पुड्या घेत होता. पुडीवर नाव नाही, घटकद्रव्ये नाहीत, निर्मात्याचा पत्ता नाही. विक्रेता सांगे, "शुद्ध आयुर्वेदिक आहे, अपाय काहीच नाही." पुडी घेतली की दोन दिवसांत वेदना नाहीशी होई, भूक वाढे, चेहरा भरल्यासारखा दिसे. घरची माणसे म्हणत, पोराला औषध मानवले. पुडी थांबवली की दुखणे दुपटीने परत येई. उरलेली एक पुडी त्याच्या आईने जपून ठेवली होती. ती तपासून घेतली. डेक्सामेथासोन निघाले.

या तरुणाचा खुबा कबड्डीने गेला नाही, आयुर्वेदाच्या नावाने विकल्या गेलेल्या स्टेरॉईडने गेला. तेव्हा असा रुग्ण आपल्याकडे येतो, त्या वेळी आपण केवळ तटस्थ सल्लागार नसतो, हे आधी मान्य केले पाहिजे.

तरुण वयात सांधा निकामी होण्याची इतरही कारणे आहेत. मद्य, आघात, सांध्याची जन्मजात सदोष ठेवण, बालपणीचा पर्थेस विकार, अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, आणि विदर्भातील वैद्यांच्या नित्य परिचयाचा सिकलसेल. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर स्टेरॉईड घ्यावे लागलेल्या काही तरुण रुग्णांत खुब्याचा हा विकार आढळल्याचे मुंबईतील अस्थिशल्यविशारदांनी सांगितले होते. तेथे स्टेरॉईडने प्राण वाचवले होते, त्यामुळे त्याची तुलना बाजारातील पुडीशी करता येणार नाही. पण रुग्णाच्या अस्थीला हा भेद कळत नाही.

आता खेळाकडे वळू. तरुण रुग्ण हल्ली रिकाम्या हाताने येत नाही. तो अँडी मरे या ब्रिटिश टेनिसपटूचे उदाहरण घेऊन येतो. म्हणून ते उदाहरण वैद्याला नीट ठाऊक असावे. जानेवारी २०१९ मध्ये मेलबर्न येथे पत्रकारांसमोर बोलताना मरे यांचे अश्रू अनावर झाले होते. खुब्याच्या वेदनेमुळे खेळणे तर राहोच, पायात मोजा घालणेही कठीण झाले होते. त्या स्पर्धेत पाच सेटमध्ये पराभूत झाल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस लंडन येथे त्यांच्या उजव्या खुब्यावर रिसर्फेसिंगची शस्त्रक्रिया झाली. वय ३१. जूनमध्ये त्यांनी क्वीन्स क्लबची दुहेरीतील स्पर्धा जिंकली आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्प येथे वावरिंका यांना हरवून एकेरीचे अजिंक्यपदही मिळवले. २०२३ मध्ये मेलबर्न येथेच पावणेसहा तास चाललेला सामना त्यांनी पहाटे चारनंतर जिंकला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर ते निवृत्त झाले.

हे सर्व खरे आहे. पण या कथेतील तीन गोष्टी रुग्णाला ठाऊक नसतात. पहिली, मरे यांचा सांधा पूर्ण बदललेला नव्हता. रिसर्फेसिंगमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा कापून टाकत नाहीत, तो तासून त्यावर धातूची टोपी बसवतात. ही शस्त्रक्रिया प्रत्येकाला चालत नाही. हाडाचा गोळा मोठा व घट्ट असावा लागतो, म्हणून ती मुख्यतः तरुण पुरुषांत करतात. गोळाच खचला असेल, तर टोपी बसवायची कशावर? दुसरी गोष्ट, अँटवर्पनंतर एटीपीच्या मुख्य मालिकेतील एकेरीचे एकही अजिंक्यपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शस्त्रक्रिया वेदनामुक्त जगता यावे म्हणून केलेली होती, खेळ हा त्यावरचा लाभ ठरला. आपल्याकडे येणाऱ्या मुलाच्या मनात हा क्रम नेमका उलटा असतो.

मरे यांच्याहून आपल्या रुग्णाच्या अधिक जवळचे उदाहरण अमेरिकेतील बो जॅक्सन यांचे आहे. जानेवारी १९९१ मध्ये फुटबॉलच्या सामन्यात त्यांच्या खुब्यास इजा झाली, रक्तपुरवठा तुटून गोळा मृत झाला आणि १९९२ मध्ये, तिशीच्या आतच, पूर्ण प्रत्यारोपण करावे लागले. १९९३ मध्ये ते बेसबॉलच्या मैदानावर परतले आणि पहिल्याच फटक्याच्या संधीत त्यांनी चेंडू सीमेपार धाडला. प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतले. परंतु फुटबॉलकडे ते पुन्हा वळले नाहीत, आणि १९९४ नंतर बेसबॉलही थांबले. अंगावर आदळण्याचा खेळ त्यांनी सोडला, हे आपल्या कबड्डीपटूला मी आवर्जून सांगितले.

कृत्रिम सांध्याची झीज किती वर्षे झाली यावर ठरत नाही, तो किती वापरला यावर ठरते. सामान्य हिंडत्या-फिरत्या माणसाचा एकेक पाय वर्षाकाठी सुमारे दहा लक्ष पावले टाकतो. बर्लिन येथे बर्गमान यांनी रुग्णांच्या खुब्यात मापनयंत्र असलेले सांधे बसवून भार प्रत्यक्ष मोजला. चालताना खुब्यावर शरीरभाराच्या सुमारे अडीच ते तीन पट किंवा त्याहून अधिक भार येतो, संथ धावताना तो पाच पटीच्या आसपास जातो आणि माणूस अडखळला तर सात-आठ पटीपर्यंत पोहोचतो. चढाई करताना मागे वळून उसळी घेणारा खेळाडू दर मिनिटाला स्वखुशीने अडखळत असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आयुर्मानाचे आकडेही सांगितले पाहिजेत. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या संकलनानुसार खुब्याचे सुमारे ५८ टक्के आणि पूर्ण गुडघ्याचे सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. सत्तरीतील रुग्णास हे आकडे दिलासा देणारे आहेत. अठ्ठाविशीतील रुग्णाने मात्र त्यांत स्वतःची वये मिळवून पाहावीत. त्याच नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात, पन्नाशीच्या आरंभी सांधा बदललेल्या पुरुषांत आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता ३५ टक्क्यांपर्यंत आढळली, तर सत्तरीनंतर ती सुमारे ५ टक्के होती. आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीइतकी सोपी नसते. प्रत्येक वेळी हाड थोडे कमी होते.

येथे आपल्या शास्त्राचा संबंध येतो, आणि येथेच माझा काही वैद्यमित्रांशी मतभेद आहे. सुश्रुतांनी संधींचे आठ प्रकार सांगताना वंक्षणसंधी उलूखल प्रकारात घातला. उखळात मुसळाचे टोक फिरावे तसा हा सांधा, हे वर्णन कोणत्याही शल्यविशारदास आजही मान्य व्हावे. अस्थी हे वाताचे आश्रयस्थान आणि सांध्यात श्लेषक कफाचे स्नेहन, हेही आपण जाणतो. मग काही मित्र म्हणतात, तरुणाला अर्धशक्ती व्यायामाचा नियम सांगितला की झाले. कपाळी, नाकावर, काखेत घाम आला आणि श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावे.

नियम थोर आहे, पण तो ज्या देहासाठी सांगितला त्या देहातील सांधा जिवंत होता. जिवंत सांधा अतिश्रमानंतर सुजतो, दुखतो, धन्याला बजावतो. धातू आणि पॉलिथिलीन यांना वेदना नाही. ते मूकपणे झिजतात. झिजलेले सूक्ष्म कण आजूबाजूच्या अस्थीचा क्षय घडवतात आणि रुग्णाला पहिली वेदना जाणवते तोवर सांधा सैल झालेला असतो. अर्धशक्तीचे लक्षण हृदयाचे आणि श्वासाचे माप सांगते, त्या उखळाचे नाही. "दुखत नाही ना? मग खेळा," हा आपला नेहमीचा सल्ला या रुग्णाच्या बाबतीत अपुरा पडतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आलेले क्रॉसलिंक केलेले पॉलिथिलीन पूर्वीपेक्षा फारच कमी झिजते, हे खरे. तरीही कमी झिजणे म्हणजे न झिजणे नव्हे.

मग खेळच बंद करावा का? तसे मला वाटत नाही. तरुणाला घरी बसवले तर त्याचे वजन वाढते, मांडीचे व नितंबाचे स्नायू सुकतात आणि सांध्यावरचा भार उलट अधिक विषम होतो. मनाचे जे होते ते वेगळेच. पोहणे, सायकल, मैदानी चालणे, गोल्फ, दुहेरीतील टेनिस यांस शल्यविशारद सामान्यतः हरकत घेत नाहीत. धावणे, स्क्वॉश, फुटबॉल, बास्केटबॉल यांविषयी ते नाखूश असतात. कबड्डी आणि कुस्ती त्यांच्या परदेशी सूचीत नसली तरी ती कोठे बसतील हे सांगायला नको. अनुमती साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी मिळते. ती शल्यविशारदाने द्यायची असते, आपण नव्हे. आपण एक गोष्ट मात्र अवश्य पाहावी. रुग्णाला शस्त्रक्रिया झालेल्या पायावर एकट्याने उभे करावे. विरुद्ध बाजूची कटी खाली झुकत असेल तर नितंबाचे स्नायू अजून दुर्बल आहेत, आणि अशा अवस्थेत मैदानाची भाषा करू नये. एवढी साधी तपासणीही न करता बृंहण चिकित्सा सुरू करणारे वैद्य मी पाहिले आहेत. (मीही त्यांत होतो, हे सांगायला संकोच वाटत नाही.)

पंचकर्म करणाऱ्या वैद्यमित्रांसाठी आता जे लिहितो ते थोडे कठोर वाटेल. शरीरास पीडा देणारे ते शल्य, असे आपण शिकलो. कृत्रिम सांधा हे जाणूनबुजून ठेवलेले परके द्रव्य आहे. ते पीडा देत नाही तोवर शल्य नव्हे. पण जंतू त्यावर बसले की त्यांचे पातळ आवरण तयार होते, प्रतिजैविके तेथवर नीट पोहोचत नाहीत आणि अनेकदा सांधाच काढावा लागतो. तेव्हा बदललेल्या सांध्याभोवती विद्धकर्म, अग्निकर्म आणि विशेषतः जलौकावचरण करू नये. जळवेच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जंतू नैसर्गिकरीत्याच वास करतात. इतर रुग्णात त्याचा उपद्रव क्वचित होत असेल. या रुग्णात तो एकदा झाला तरी पुरे.

स्वेदनाचीही तीच गोष्ट. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत त्वचेची एक संवेदी नाडी छेदली जाते आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूस तळहाताएवढा भाग बहुधा बधिर राहतो, कित्येकांत कायमचा. जानुबस्तीचे तेल अथवा पोटली किती उष्ण आहे हे रुग्ण सांगेल, असे आपण गृहीत धरतो. येथे तो सांगू शकत नाही. फोड आल्यावर कळते, आणि फोड म्हणजे जंतूंना उघडे दार. व्रण पूर्ण भरल्यानंतर सौम्य अभ्यंग जरूर करावे, पण आधी कापसाच्या बोळ्याने बधिर भाग तपासून त्याभोवती शाईने रेघ आखून घ्यावी. मागच्या बाजूने खुबा उघडला असेल तर आरंभीचे दोन-तीन महिने मांडी घालणे, उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे टाळावे लागते. अभ्यंगाच्या वेळी पाय पोटाशी दाबून आत वळवणारा आपला कुशल परिचारक त्या काळात सांधा निखळवू शकतो. त्याला हे कोणी सांगितलेले असते का?

रोपणानंतर काही काळ रुग्णास रक्त गोठू नये म्हणून औषधे चालू असतात. त्या काळात गुग्गुळकल्प आणि लशुनकल्प शल्यविशारदास विचारल्यावाचून देऊ नयेत. शस्त्रक्रियेपूर्वीही चालू औषधांची यादी भूलतज्ज्ञाकडे गेली पाहिजे. आणि ताप, व्रणातून स्राव, जांघेत किंवा मांडीत नव्याने उठलेली वेदना, बसून उठताना पहिल्या दोन पावलांना होणारी कळ, यांपैकी काहीही दिसले तर त्याला संधिगत वात म्हणू नये. त्याच दिवशी रुग्णाला परत पाठवावे. धातूवर धातू घासणारा सांधा असेल तर रक्तातील कोबाल्ट व क्रोमियमची तपासणी करतात. अशा प्रकारचा एक सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला होता, आणि भारतातही तो अनेकांना बसवलेला होता. असा रुग्ण रसौषधी घेत असल्यास तेही पत्रात लिहून द्यावे.

"शस्त्रक्रिया टाळा, आमच्याकडे या" असे फलक आपल्या काही मित्रांच्या चिकित्सालयांबाहेर दिसतात. ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिसच्या आरंभीच्या अवस्थेत तिक्तद्रव्यांनी सिद्ध क्षीर व घृताचा बस्ती मी देतो. अस्थिगत विकारांत चरकांनी तो सांगितलाच आहे. वेदना कमी होते, चालणे सुधारते, असा माझा अनुभव आहे. विकार थांबतो असे म्हणण्याइतका मोठा व काटेकोर अभ्यास आपण अद्याप उभा केलेला नाही. मात्र गोळा एकदा खचला की कितीही बस्ती दिले तरी तो पुन्हा वाटोळा होत नाही. अशा रुग्णास वर्षभर थांबवून ठेवले, तर त्या वर्षात त्याचे स्नायू सुकतात, दुसरा पाय व कंबर बिघडते, आणि मग तो ज्या शल्यविशारदाकडे जातो तो आपल्या संपूर्ण शास्त्राविषयी मत बनवतो. ते मत चुकीचे आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

औषधालयचालक बंधूंना शेवटी दोन शब्द. बाजारातील पुडीविरुद्ध आपण फार मोघम बोलतो. संधिवातावर दोन दिवसांत गुण देणारे, निर्मात्याचा परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेले, बिलाशिवाय येणारे चूर्ण अथवा गोळी आपल्या फळीवर ठेवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. आयुर्वेदीय औषधात ॲलोपॅथिक द्रव्य मिसळणे कायद्याने गुन्हा आहे आणि संशयित नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे देता येतो. "गिऱ्हाईक तेच मागते" हे कारण मी अनेकदा ऐकले आहे. माझ्या रुग्णानेही तेच मागितले होते. आणखी एक व्यावहारिक सूचना: अशी पुडी दीर्घकाळ घेतलेला रुग्ण आला तर ती एकदम बंद करायला सांगू नये. शरीराची स्वतःची स्टेरॉईडनिर्मिती मंदावलेली असते आणि अचानक बंद केल्याने प्राणावर बेतू शकते. त्याला फिजिशियनकडे पाठवून मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

तो तरुण आता सायकलवरून शेतात जातो, तलावात पोहतो आणि तालुक्याच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. पहिल्या सामन्यानंतर तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही, असे त्याच्या आईने सांगितले. त्याचा डावा खुबा अद्याप खचलेला नाही. त्याचे श्रेय बस्तीला, वजन उतरवण्याला की पुडी सुटण्याला, हे मी सांगू शकत नाही.

ज्या वैद्यमित्रांकडे पन्नाशीच्या आतील सांधेरोपण झालेले रुग्ण आहेत, त्यांनी वय, मूळ व्याधी, रोपणाचा प्रकार, पूर्वी घेतलेली निनावी औषधे आणि रुग्ण आज कोणता खेळ खेळतो एवढी पाच टिपणे, रुग्णाचे नाव न लिहिता, संपादकांकडे पाठवावीत. जलौका व अग्निकर्माविषयी मी जे लिहिले त्याशी पुष्कळांचा मतभेद असेल. तोही कळवावा, मात्र सोबत रुग्णाची नोंद असावी.